एक लांब, दोन आखूड

"बाईमाणसाच्या हातात स्टेरिंग, फुडं दोर, मागं दरी. या अल्ला, आज काय काय दावणार हाईस," दस्तगीर खिडकीकडं तोंड करून पुटपुटला.

"ऐकलं मी," मी म्हणाले.

"तुमास्नी न्हाई वहिनी. वरच्याला म्हटलं."

"मग जरा मोठ्यानं म्हणायचं. तो लांब बसतो. मी इथंच आहे."

उजवा हात ओल्या टॉवेलात गुंडाळून त्यानं पोटाशी धरला होता, तान्हं मूल धरावं तसा. कोकणातून जांभ्याचे चिरे भरून त्याची पिकअप घाट चढत होती. निम्म्यात आल्यावर तिनं पांढऱ्या धुराची एक गुळणी टाकली आणि बंद पडली. दस्तगीरला वाटलं, तापली असणार. म्हणून त्यानं रेडिएटरचं झाकण उघडलं. तापलेल्या गाडीचं झाकण उघडायचं नसतं हे जन्मभर गाडी चालवलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. पण घाटात एकट्याची गाडी बंद पडली की माणसाचे हात डोक्याच्या आधी चालतात. वाफ सगळी पंजावर आली. त्याचा फोन आल्यावर आम्ही गॅरेजातून पोचलो तेव्हा तो रस्त्याच्या कडेला बसून हातावर टूथपेस्ट थापत होता.

म्हणून त्याच्या गाडीचं स्टेअरिंग माझ्याकडं आलं.

आमचं गॅरेज घाटमाथ्यावर. फलकावर 'सर्जेराव डिझेल वर्क्स' असं रंगवलेलं होतं, पण घाटाच्या वर आणि घाटाखाली सगळे त्याला 'कानवाल्याचं गॅरेज' म्हणत. कानवाला म्हणजे माझा नवरा. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. कुठला इंजेक्टर टपकतोय, कुठली बेअरिंग आता रडायच्या बेतात आहे, हे गाडी मालकाच्या आधी ह्यांना सांगायची. पंपाचा स्क्रू पाव आटा इकडं, पाव आटा तिकडं करत हे गाडी लावत, तेव्हा गॅरेजात कुणी खोकतसुद्धा नसे. मशीन लावून ट्युनिंग करणारी दुकानं कोल्हापुरात झाली होती. तरी तिकडून माणसं आमच्याकडं येत. म्हणत, मशीन नुसते आकडे दाखवतं, मिस्त्री गाडीशी बोलतात.

मी त्या गॅरेजात एकदा चहा घेऊन गेले ती तिथंच राहिले. पाने हातात देता देता मला त्यांची नावं कळली, आणि हळूहळू गाड्यांची दुखणीही कळायला लागली. अलीकडं तर हे स्क्रूड्रायव्हर माझ्याच हातात द्यायला लागले होते. "शकू, बघ गं. तुला काय वाटतंय?" निम्मा संसार झाल्यावर नवरा बायकोचं मत विचारायला लागला, की बाई जरा फुलतेच. मीही फुलले होते.

त्या दिवशीही तसंच झालं. इंजिनावरचा हँडपंप मारून बघितला. डिझेल मोठ्या पंपापर्यंत येत होतं, पुढं थेंब नाही. दस्तगीरनं डाव्या हातानं सेल मारला. ह्यांनी स्क्रूड्रायव्हर पंपावर टेकवला, कानाला लावला, डोळे मिटले. बराच वेळ तसेच वाकून राहिले. मग मूठ माझ्याकडं केली.

मी ऐकलं. इंजिन फिरत होतं, पंपाच्या आत काहीच हलत नव्हतं.

"शाफ्ट तुटलाय बहुतेक," मी मोठ्यानं म्हणाले. आमच्याकडं सगळे मोठ्यानंच बोलत.

"मला बी त्येच वाटलं," हे म्हणाले. "पंप उतरवाय लागतोय. हितं न्हाई व्हायाचं. वडून न्यायची."

"दोरानं?" दस्तगीर म्हणाला. "मिस्त्री, पाईप आणला न्हाई व्हय?"

बंद गाडी ओढायला आमच्याकडं एक लोखंडी पाईप होता, दोन्ही टोकांना कडी असलेला. पाईप असला की मागची गाडी पुढचीवर आदळत नाही. गॅरेजातून निघताना मी ह्यांना पाठीमागून दोनदा ओरडून सांगितलं होतं, "पाईप टाका मागं!" ह्यांनी मान डोलावली होती. पाईप भिंतीला टेकूनच राहिला होता.

"राहिला," मी म्हणाले. "माझ्या ध्यानात नाही राहिलं."

दस्तगीरनं माझ्याकडं बघितलं.

क्रेन कोल्हापुराहून यायची, तीही दुसऱ्या दिवशी. तोवर ह्या माणसाच्या हाताचं काय? शिवाय मागं येणाऱ्या बसला त्या वळणावरून जेमतेम वाट होती. हे आमच्या जुन्या पिकअपला दोर बांधायला लागलेसुद्धा. त्या पिकअपचा पंप ह्यांनी स्वतः लावलेला होता; दिसायला भंगार, पण चढाला ती दोन गाड्यांची ओढ काढायची. तिच्या मागच्या फाळक्यावर पेंटरनं पिवळ्या ठसठशीत अक्षरांत लिहून दिलं होतं: हॉर्न द्या.

"ध्यान देऊन ऐक," हे मला म्हणाले. "दोर ताणलेला ऱ्हायला पायजे. सैल पडला तर हँडब्रेक हलका वडायचा. इंजान बंद हाय, पायातला ब्रेक दगडागत लागंल, त्याच्या भरवशावर ऱ्हाऊ नको. दोन आखूड हॉर्न म्हंजे चला. एक लांब हॉर्न म्हंजे थांबा. ध्यानात ऱ्हाईल?"

"आरशात बघत राहा हां तुम्ही," मी म्हणाले.

"आरसा कशाला? कान हाईत की," हे हसून म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.

दस्तगीर माझ्याकडं बघत होता. मी दोराच्या गाठीकडं.

"हँडब्रेक बरा आहे ना तुझा?" मी त्याला विचारलं.

"कालच टाईट केलाय."

मी चाकामागचे दगड काढले, चढून बसले आणि दोन आखूड हॉर्न दिले. आमची गाडी जागची हलली नाही. मी खिडकीतून हात काढून जोरात हलवला. मग ती निघाली.

आणि तेव्हाच दस्तगीरनं वरच्याकडं ती तक्रार केली होती.

चढ तसा बरा गेला. पॉवर नसलेलं स्टेअरिंग म्हणजे जात्याचा खुंटा. प्रत्येक वळणाला माझे दोन्ही खांदे भरून येत. पण दोर ताणलेला होता, पुढं आमच्या गाडीचा काळा धूर, मागं चिऱ्यांचं वजन. दस्तगीर सारखा टॉवेल उलटा करत होता.

"लई दुखतंय?"

"चालतंय." थोड्या वेळानं म्हणाला, "वहिनी, एक इचारू?"

"विचार."

"परवा मी गॅरेजला फोन केलता. मिस्त्रींनीच उचलला. मी म्हटलं, गाडी पिकप घेईना झाल्या. तर म्हटले, हां हां, उद्या ये. दुसऱ्या दिवशी गेलो तर म्हटले, कशाला आलास?"

"कामं असतात डोक्यात."

"व्हय," तो म्हणाला. "कामं लई असत्यात." आणि बाहेर बघायला लागला.

घाट संपता संपता एक खोड आहे. माथा आला असं वाटतं, तेवढ्यात रस्ता मध्येच उतरतो, खाली ओढ्यावरच्या अरुंद मोरीवर वळतो आणि पुन्हा चढतो. मोरीच्या कठड्यावर कायम वानरं बसलेली असतात. उजवीकडं कठडा निम्मा ढासळलेला, त्याच्या खाली नुसती झाडांची डोकी. ओढत्या गाडीला तेवढाच एक उतार सांभाळायचा. मी आधीच तयारीत राहावं म्हणून हँडब्रेक जरा वर घेतला.

टक्क असा आवाज झाला आणि दांडा लोण्यातून यावा तसा वर आला.

"वायर तुटली," मी म्हणाले.

दस्तगीरनं दांड्याकडं बघितलं, रस्त्याकडं बघितलं. "थांबवा, वहिनी. उताराच्या आधी थांबवा."

मी हॉर्न दाबला. एक लांब.

पुढची गाडी चालत राहिली.

मी पुन्हा दाबला. दस्तगीरची गाडी जुनी होती पण हॉर्न नवा होता, ट्रकचा असावा असा. घाटात तो घुमला, समोरच्या डोंगरावर आदळून परत आला. मोरीवरची वानरं पटापट झाडावर गेली. पुढच्या गाडीची खिडकी उघडी होती. खिडकीच्या चौकटीवर ह्यांचा कोपर टेकलेला मला दिसत होता. निवांत. एक बोट ताल धरल्यासारखं हलत होतं.

मी हात उचललाच नाही. हॉर्न वाजतच राहिला. दुसऱ्या हातानं लाइट मारले. भर दुपारी त्या लाइटला कोण विचारतो! दस्तगीर खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर निघाला, टॉवेल सोडून भाजलेल्या हातानंच तो फडकवत ओरडत होता, "मिस्त्री! ओ मिस्त्री! थांबा! अवं सर्जेरावदादा!"

आमची गाडी उताराला लागली. तिच्या मागं आम्ही.

दोर सैल पडला. रस्त्यावर टेकला आणि सापासारखा वळवळायला लागला. चिऱ्यांनी पाठीमागून ढकलायला सुरुवात केली. मी ब्रेकवर उभी राहिले म्हटलं तरी चालेल. पॅडल बोटभरही खाली जाईना. दस्तगीर आत आला, त्यानं पाय लांबवून माझ्या पायावर ठेवला आणि दोघांनी मिळून दाबलं. गाडी जरा कुरकुरली, पण थांबली नाही. समोर फाळक्यावरची अक्षरं मोठी होत होती. हॉर्न द्या. हॉर्न द्या. मी देतच होते.

त्या वेळी मला भीती कशाची वाटली, ते नीट आठवतं. आम्ही ह्यांच्या गाडीला धडकलो असतो तर ती मोरीच्या वळणावर सरळ गेली असती. आणि ह्यांना शेवटपर्यंत कळलं नसतं की मी हाक मारत होते.

"गिअर!" दस्तगीर ओरडला. "पैला टाका!"

मी क्लच दाबला, पहिला गिअर घातला आणि क्लच सोडला. बंद इंजिन चाकांना अडलं. गाडी ताप भरल्यासारखी हादरली, मागं चिरे एकमेकांवर आपटले, दस्तगीरचं डोकं काचेला लागलं. पण वेग मोडला. तेवढ्यात पुढची गाडी मोरी ओलांडून चढाला लागली, दोर झपकन उचलला गेला, ताणला, आणि असा हिसका बसला की आमची जुनी पिकअप मागून कुणी शेपूट धरल्यासारखी उभी राहिली.

ह्यांचा कोपर आत गेला. ब्रेकलाइट लागले.

मी हॉर्नवरचा हात काढला. एकदम इतकं शांत झालं की ओढ्याचं पाणी ऐकू आलं.

दस्तगीर उतरला, एक दगड चाकापुढं सरकवला आणि परत येऊन दाराशी टेकून उभा राहिला. हे चढ उतरून आमच्याकडं धावत आले. चेहरा पांढरा पडला होता. मला खालून वर बघितलं, दस्तगीरला बघितलं, सगळं जागेवर आहे म्हटल्यावर मग चिडले.

"काय चाललंय? हिसका का दिलास? दोर तुटला असता म्हंजे?"

"हँडब्रेकची वायर तुटली," मी म्हणाले.

"मग हॉर्न का दिला न्हाईस?"

मी दस्तगीरकडं बघितलं. त्यानं माझ्याकडं. घाटाच्या वर आणि घाटाखाली जी गोष्ट सगळे इतके दिवस सांभाळत आले होते, ती आता आमच्या दोघांच्या मधे येऊन उभी होती. गिऱ्हाइकं दोनदा सांगायची आणि 'इंजिनचा आवाज लई' म्हणायची. मी फोन आधी उचलायची. लग्नकार्यात ह्यांना बँडवाल्यांच्या जवळ बसवायची, म्हणजे कुणालाच काही ऐकू येणार नाही. कानवाल्याला ही गोष्ट सांगायची कुणी?

"हॉर्नच बसला असेल," माझ्या तोंडून निघालं.

"व्हय," दस्तगीर लगेच म्हणाला. "कालपासनंच जरा तसा करतोय."

मला वाटलं, मिटलं. पण मी कुणाला काय सांगतेय हे माझ्या ध्यानात राहिलं नव्हतं. बिघडलेली वस्तू आहे असं मिस्त्रीला सांगायचं आणि तो ती तशीच सोडून जाईल?

"बघू," हे म्हणाले आणि बॉनेट उघडलं.

"राहू द्या ना आता, त्याच्या हाताचं बघू आधी," मी म्हणाले.

"बिगरहॉर्नची गाडी दोरावर घ्यायची? मघाशी कसं वाचलाय म्हाईत हाय?" खिशातून पक्कड काढत हे म्हणाले. "वर बस. दाब म्हटल्यावर दाब."

मी वर बसले. ह्यांनी वायर हलवून बघितली. "दाब."

मी तळहात हॉर्नच्या बटणाशेजारी ठेवला. बटणाला हात लावला नाही.

"वाजला का?" ह्यांनी विचारलं.

हॉर्नच्या समोर उभं राहून कुणी असं विचारत नाही. दस्तगीरनं मान फिरवली. वानरं हळूहळू परत कठड्यावर येऊन बसत होती, थांबलेल्या गाडीतून काही खायला मिळेल या आशेनं. तो त्यांच्याकडं बघत राहिला.

"नाही," मी खिडकीतून डोकं काढून मान हलवत म्हणाले.

ह्यांनी फ्यूज काढला, उन्हात धरला, शर्टाला पुसून परत बसवला. वायरीचं टोक सोडवलं, पॉलिश पेपरनं घासून चकचकीत केलं. किती मन लावून करत होते! बॉनेटच्या फटीतून मला फक्त हात दिसत होते. काम न केलेल्या माणसाला असे हात कधी मिळत नाहीत. तीन बोटांना जुने भाजल्याचे डाग, नखांत कायमचं ग्रीस, आणि वायर पिळताना एवढे हळुवार, जणू तिला दुखेल.

दस्तगीर खिडकीशी आला आणि अगदी हळू म्हणाला, "वहिनी, आता दाबा. दाबा आन् म्हना, झाला दुरुस्त. वायर ढिली हुती म्हना. संपलं."

मी मान हलवली. तसंच करायचं मी ठरवलं होतं.

"दाब गं," पुढून आवाज आला. वायर परत टेकवली होती, आणि सैल केलेला हॉर्न खडखडू नये म्हणून ह्यांनी तो डाव्या पंजात धरला होता.

मी दाबला. जोरात, लांब.

कठड्यावरची वानरं एकदम उडाली, एक पिल्लू आईच्या पोटाला चिकटताना घसरता घसरता वाचलं. दस्तगीरनं चांगला हात कानावर ठेवला. आणि हे वळून घाटाच्या खालच्या बाजूला बघायला लागले. रस्त्याच्या कडेला जरा सरकले. मोकळा हात वर करून त्यांनी पुढं जा, पुढं जा अशी खूण केली, मागून येणाऱ्या गाडीला वाट द्यावी तशी.

रस्ता रिकामा होता.

मी हात काढला. ह्यांचा वर केलेला हात तसाच राहिला. मग त्यांनी झाडावर हलणाऱ्या फांद्यांकडं बघितलं. दस्तगीरच्या कानावरच्या हाताकडं बघितलं. शेवटी स्वतःच्या डाव्या पंजाकडं बघितलं, ज्यात तो हॉर्न होता.

"झाला दुरुस्त!" मी खिडकीतून ओरडले. "वायर ढिली होती!"

"परत दाब," हे म्हणाले.

"अहो, झाला की—"

"दाब, शकू."

मी दाबला. हे पंजात हॉर्न धरून उभे होते आणि ह्यांनी डोळे मिटले होते, स्क्रूड्रायव्हर कानाला लावल्यावर मिटत तसे.

"सोड."

मी सोडला.

"दाब."

मी दाबला.

"सोड." डोळे उघडले नव्हते. "मला वाटलं, खालनं कोणतरी गाडी याला लागलीया. पार खालच्या वळणावरनं." बोटांनी ते हॉर्नची कड चाचपत होते. "हातात मातूर थरथरतोय."

दस्तगीरनं कानावरचा हात खाली घेतला.

"मघाशी बी दाबलतास?"

मी खाली उतरले. जवळ गेले, तोंडासमोर उभी राहिले आणि मान हलवली.

"किती येळ?"

"उताराच्या आधीपासनं," मी म्हणाले. "थांबलात तोवर."

ह्यांनी वायर पुन्हा टोकाला बसवली. नट बोटांनी फिरवला, मग पक्कडीनं घट्ट केला. बॉनेट खाली घेतलं आणि दोन्ही हातांनी दाबून लावलं. दस्तगीर टॉवेल गुंडाळत होता. त्याला एका हातानं जमत नव्हतं. ह्यांनी त्याच्याकडून तो घेतला, ओढ्याच्या पाण्यात भिजवून आणला आणि त्याच्या हाताला नीट बांधून दिला.

"दस्तगीर," टोक खोचत हे म्हणाले, "तुझ्या हॉर्नला काय झाल्यालं न्हाई." मग माझ्याकडं बघितलं. "मलाच ऐकू येत न्हाई."